रिकाम्या हातानं

"ओ पावणं, जरा तरी लाज वाटू द्या की! म्हाताऱ्याच्या खांद्यावर वझं, काखंत पोरगी, आन तुमी सायबावानी रिकाम्या हातानं चाललाय!"

रिक्षावाला मोठ्यानं बोलला. एस.टी. स्टँडच्या बाहेर रिक्षांच्या रांगेजवळ उभी असलेली चारपाच माणसं वळून बघायला लागली. प्रसेनजीत जागच्या जागी थांबला. वडील, भाऊसो, दोन पावलं पुढं होते. खांद्यावर आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचं अर्धं पोतं आणि दुसऱ्या हातावर त्याची अडीच वर्षांची पोरगी, संघप्रिया. गडहिंग्लजची गाडी लागल्याबरोबर ती आजोबांकडं धावत गेली होती आणि मग खाली उतरायला तयारच नव्हती. प्रसेनजीतच्या हातात काही नव्हतं. तीस वर्षांचा माणूस, पांढरा इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट, दिसायला निरोगी, अंगापिंडानं बापापेक्षा दांडगा. रिक्षावाल्याला जे दिसलं तेच त्यानं सांगितलं, यात त्याचं काय चुकलं, असं प्रसेनजीतच्या मनात आलं. 

भाऊसो वळले. रागावले नाहीत. अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आप्रेशन झालंय त्येचं. पाठीचं. डाक्टरनं वजन उचलू नगं म्हणून सांगितलंय."

"आसं व्हय!" रिक्षावाल्याचा चेहरा एकदम पडला. "मग आदी बोलायचं न्हाय का! या, या, बसा सर. हळू." त्यानं धावत येऊन पोतं स्वतःच्या खांद्यावर घेतलं, सीटच्या मागं नीट ठेवलं आणि प्रसेनजीतच्या कोपराखाली हात देऊन त्याला आत बसवलं. इतक्या हळुवारपणे गेल्या सहा वर्षांत त्याला कुणी, डॉक्टरांनीसुद्धा, हात लावला नव्हता.

ऑपरेशन झालेलं नव्हतं. कधीच नाही. त्याच्या पाठीवर साधा ओरखडाही नव्हता. आणि भाऊसो खोटं बोलत नसत. बत्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. सख्ख्या मेव्हण्याला एकदा त्यांनी बिनतिकिटाचा म्हणून नेसरीच्या फाट्यावर उतरवला होता आणि त्यावरून सोनूबाई, म्हणजे प्रसेनजीतची आई, पंधरा दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. त्या माणसानं भर रस्त्यात, डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, ऑपरेशन झालंय. आणि ते सगळ्यांना लगेच पटलं.

रिक्षा परीख पुलाखालून निघाली. रिक्षावाला प्रत्येक खड्ड्याशी जवळजवळ थांबत होता. मागून हॉर्न वाजले तेव्हा त्यानं मान बाहेर काढून शिवी हासडली, "पेशंट हाय गाडीत, दिसत न्हाय व्हय रं?" मग आरशातून बघत विचारलं, "टाकं निघालं का सर?"

प्रसेनजीतनं वडिलांकडं पाहिलं. भाऊसो बाहेर बघत होते.

"निघाले," तो म्हणाला.

"चांगलं झालं. माझ्या मेव्हण्याचं झाल्तं. आता घोड्यागत पळतोय. हुईल, तुमचं बी हुईल."

खड्डा कितीही हळू घेतला तरी कळ यायची ती आली. कमरेच्या उजव्या बाजूला, खाली, खोल. मग पुठ्ठ्यातून मांडीत. ओळखीची. त्यानं सवयीनं पुढचा दांडा धरला. आणि त्याच्या मनात आलं, खरंच टाके असते तर. इथपासून इथपर्यंत, बोटभर रुंदीचा एक व्रण. शर्ट वर करून दाखवता आला असता. शाळेतल्या हेडसरांना, शेजाऱ्यांना, सासऱ्यांना. लोकांनी तोंडानं चक् चक् केलं असतं आणि विषय संपला असता. आपण एका जखमेची इच्छा करतोय हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली. पण इच्छा गेली नाही.

सुरुवात कुठून झाली हे त्याला नेमकं सांगता येत नसे आणि प्रत्येक डॉक्टर तेच आधी विचारत असे. पडलात का? काही उचललंत का? गाडीवरून घसरलात? काहीच नाही. सत्त्याण्णव साली, बी.एड.च्या वर्षी, हॉस्टेलच्या खाटेवरून एका सकाळी तो उठायला गेला आणि उठता आलं नाही. रात्री वेडंवाकडं झोपलो असू, असं वाटलं. दुपारपर्यंत सैल झालं. चार दिवसांनी पुन्हा. मग ते जायचं विसरलं. चोवीस वर्षांचा होता. वर्गातली मुलं म्हणायची, म्हातारा झालास काय रे, आणि तोही हसायचा, कारण हसण्यासारखंच होतं. पहिल्या डॉक्टरनं एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि खूश होऊन म्हणाला, "काय मस्त हाडं आहेत तुमची!" दुसऱ्यानं टेन्शन घेऊ नका सांगितलं. तिसऱ्यानं लग्न झालंय का विचारलं, नाही म्हटल्यावर म्हणाला, करा, सगळं ठीक होईल. लग्न झालं. दीप्ती आली. राजारामपुरीच्या पोस्टात काउंटरवर बसणारी, दिवसभर लोकांची कटकट ऐकून हसतमुखानं घरी येणारी. तिला त्यानं लग्नाआधीच सांगितलं होतं. ती म्हणाली होती, पाठ तर सगळ्यांचीच दुखते. पुढं तिला कळलं, सगळ्यांची दुखते ती ही नव्हे. तिनं त्याच्यावर कधी अविश्वास दाखवला नाही. गॅसची टाकी ती स्वतः ओढायची, गाद्या ती घालायची, पाण्याच्या बादल्या तीच उचलायची. पहिलं वर्षभर रोज विचारायची, "आज कसं आहे?" मग कधीतरी विचारायची थांबली. त्याला वाईट वाटलं नाही. उत्तर तेच असेल तर माणूस किती दिवस विचारणार? पण संध्याकाळी ती दार उघडून आत येताना एकदा त्याच्याकडं बघायची, तो कसा बसलाय ते बघायची, आणि त्यावरून रात्रीचं सगळं ठरवायची. ते बघणं त्याला सहन होत नसे. म्हणून ती यायच्या वेळेला तो सरळ बसायला लागला.

आईनं लसणाचं तेल लावून बघितलं. शेंडा पार्कच्या पलीकडं कुणीतरी हाडवैद्य होता, तिथं नेलं. शेजारच्या बाईनं एका देवऋषीचं नाव सुचवलं तेव्हा भाऊसो गरजले होते, "आपल्यात आसलं न्हाय. बाबासायबांनी शिकवलं ते ह्येच्यासाठी व्हय?" त्या दिवशी प्रसेनजीतला वडिलांचा फार अभिमान वाटला. पण देवऋषीचं दार बंद झाल्यावर दुसरं कुठलंच दार उरलं नाही आणि मग भाऊसोंनी हळूहळू आपलं एक मत करून घेतलं. "सकाळी उठून पळत जा," ते म्हणायचे. "मी दिसाला आठ तास हिंदकाळणाऱ्या गाडीत हुबा ऱ्हायलो. माझं का दुखत न्हाय?" सुट्टीत गावाकडं गेल्यावर तो सकाळी उशिरा उठायचा, कारण उठायलाच तासभर लागायचा, आणि अंगणातून वडिलांचा आवाज यायचा, "सायेब झाला सायेब! ऊन आलं तरी लोळतंय."

विहारातही तसंच. रविवारच्या वंदनेला सगळे सतरंजीवर मांडी घालून बसत. त्याला बसता येत नसे. बसलं तर उठता येत नसे. तो दाराशी भिंतीला टेकून उभा राहायचा. एकदा बाहेर चपला घालताना कुणीतरी कुणाला तरी म्हणत होतं, "शिकलं की माणूस खाली बसत न्हाय बघ." ते वडीलधारे होते, त्याच्या दहावीच्या निकालाला त्यांनी पेढे वाटले होते. त्यांच्याजवळ जाऊन सांगावं असं त्याला वाटलं. काय सांगावं? दुखतंय? दिसत तर काहीच नाही. पुढच्या रविवारी त्यानं मांडी घातली, अखेरपर्यंत बसला आणि नंतर दोन दिवस शाळेत गेला नाही. त्यानंतर विहारात जाणंच कमी झालं.

गेल्या वर्षी एका मोठ्या दवाखान्यात त्याला शेकायला आणि व्यायामाला जायला सांगितलं. त्याला वाटलं होतं, तिथं म्हातारी माणसं असतील. बाकावर बसून पाहिलं तर बहुतेक त्याच्याच वयाची, काही तर लहान. हुपरीची एक पोरगी होती, बावीसतेवीसची. लहानपणापासून घरच्या कारखान्यात पैंजणाच्या कड्या जुळवत वाकून बसलेली, आता तिची मान वळत नव्हती. एक औषध कंपनीचा पोरगा होता, दिवसभर मोटारसायकलवर फिरणारा, टाय सैल करून पालथा पडलेला. बाळंतपणानंतर वर्षभर सरळ न झालेली एक बाई. कुणी कुणाशी फारसं बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या मांडीवर तो एक्स-रेचा मोठा लिफाफा, आणि बहुतेकांच्या एक्स-रेत काहीच दिसत नसावं. हे सगळे बाहेर गेले की कुठं जातात? रस्त्यावर हे दिसत कसे नाहीत? भवानी मंडपात, महाद्वार रोडवर एवढी गर्दी असते, त्यात यांतले किती जण सरळ चालत जात असतील? त्या विचारानं त्याला एकीकडं धीर आला आणि दुसरीकडं शहरच जड वाटायला लागलं.

त्याच बाकावर एके दिवशी त्याच्या शाळेतल्या अंतरा मॅडम दिसल्या. संस्कृत शिकवायच्या. वय अठ्ठावीस. महिन्यातून दोनतीनदा रजा घ्यायच्या आणि स्टाफरूममध्ये त्यावरून बोललं जायचं. त्याला बघून त्या इतक्या दचकल्या की गळ्याभोवतीचा शेकाचा पट्टा खाली पडला. तो उचलायला दोघंही वाकले नाहीत. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं, आणि अंतरा हसल्या.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"पाच. तुमचं?"

"सात. मानेपासून दोन्ही हात, आता कंबरसुद्धा. खडू धरवत नाही कधी कधी." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, शाळेत कुणाला सांगू नका हं. घरी अजून बघायला येतात लोक."

त्यानं कुणाला सांगितलं नाही. जूनमध्ये अंतरांना तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग मिळाला. प्रसेनजीत हेडसरांकडं गेला आणि वर शांत असतं, गणिताला बरं, असं सांगून त्यानं तो वर्ग मागून घेतला. रोज तीन जिने. कठडा धरून, मुलं पुढं गेल्यावर. आठवड्याभरानं अंतरांनी त्याला जिन्यातच गाठलं. त्या चिडल्या होत्या. "तुम्हाला असं चढताना बघून मला बरं वाटेल असं वाटलं तुम्हाला? बदलून घ्या ते आधी." त्यानं नाही म्हटलं. शेवटी दोघांनी ते वाटून घेतलं. मधल्या सुट्टीआधी तो वर जायचा, नंतर त्या. जिन्यात एकमेकांना ओलांडताना फक्त "आज?" एवढंच विचारायचं, आणि समोरच्यानं हात थोडा हलवायचा. त्या हात हलवण्यात सगळं सांगून व्हायचं. जगात असं एक माणूस असणं हे केवढं मोठं सुख आहे, हे त्याला तेव्हा कळलं. पण स्टाफरूमनं त्या जिन्याचा निराळाच अर्थ लावला. दीप्तीच्या पोस्टापर्यंत तो पोचला. दीप्तीनं सरळ विचारलं, त्यानं सरळ सांगितलं, तिनं मान हलवली. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन खूप वेळ एकटीच उभी राहिली. "मला नाही ना कळत ते, तिला कळतं तसं," एवढंच ती नंतर म्हणाली.

दिवाळीआधी अंतरांनी नोकरी सोडली. त्यांचे वडील दत्तोपंत कपाटातल्या वस्तू न्यायला आले होते. "तब्येतीमुळं," ते म्हणाले. हेडसर म्हणाले, "एवढ्या तरुण वयात कसली हो तब्येत?" दत्तोपंत बराच वेळ चष्मा पुसत उभे राहिले. त्यानंतर अंतरा पुण्याला भावाकडं गेल्याचं कळलं. जिना तसाच राहिला. त्याला आता कुणी "आज?" असं विचारत नव्हतं.

आणि पोरगी. पोरीचा विचार तो शक्यतो टाळायचा. दीड वर्षाची असताना ती अंगणात पडली. घरी तो एकटाच होता. तो वाकला, तिला धरलं, आणि कमरेत असं काही आवळलं की वर येता येईना. तिला पोटाशी धरून तो तिथंच फरशीवर बसून राहिला. ती रडत होती, तोही. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "बाप-लेकीचा खेळ चाललाय वाटतं!" त्यानंतर केव्हातरी ती शिकली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. दीप्ती दिसली की ती दोन्ही हात वर करते, आजोबांपुढं करते, दूधवाल्यापुढंसुद्धा करते. बापाकडं येते तेव्हा हात वर करत नाही. येऊन त्याचं बोट धरते आणि शेजारी उभी राहते.

रिक्षा जवाहरनगरात घराशी थांबली. रिक्षावाल्यानं पोतं आत नेऊन ठेवलं, मीटरपेक्षा एक पैसा जास्त घेतला नाही आणि "जपा सर" म्हणून गेला. प्रसेनजीत सगळ्यांत शेवटी उतरला होता. दांडा धरला, पाय खाली टेकवला, क्षणभर थांबला, आणि मग नेहमीसारखा चालत आत आला.

दीप्ती पोस्टातून यायला अजून वेळ होता. संघप्रिया आजोबांच्या खांद्यावरच झोपून गेली होती. भाऊसोंनी तिला गादीवर ठेवलं. मग पोत्याची शिवण उसवून तांदूळ डब्यात ओतले, हात झटकले, आणि भिंतीला टेकून खाली बसले. तांदळाचा वास खोलीभर झाला. प्रसेनजीतनं चहा केला, त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः खुर्चीवर बसला. बाप जमिनीवर आणि आपण खुर्चीत, हेही त्याला नेहमीसारखं टोचलं.

"आबा, ऑपरेशन कशाला सांगितलंत?"

"मग काय सांगू? खरं सांगितलं असतं तर त्येला पटलं असतं व्हय?"

"तुम्हाला पटलंय का?"

हे विचारायचं त्यानं ठरवलं नव्हतं. सहा वर्षांत विचारलं नव्हतं. भाऊसोंनी कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. बाहेरून भंगारवाल्याची आरोळी लांब लांब जात होती. ते आता उठून पाय मोकळे करायला जातील असं त्याला वाटलं.

"खरं सांगू का परश्या," ते म्हणाले. लहानपणीचं नाव. "मला न पटल्यालंच बरं वाटायचं. तुजी आई रडायची राच्च्याला. मी म्हणायचो, काय न्हाय झालं त्येला, आळस हाय. मोठ्यानं म्हणायचो, तुलाबी ऐकू जाऊ दे म्हणून. मनात म्हणायचो, आळशी निगू दे पोरगं. खोटारडं निगू दे. आळशाचं दुखत तर न्हाय."

प्रसेनजीत खुर्चीत जरा पुढं सरकला.

"आन आज?" त्यानं विचारलं.

"आज तू रिक्षातनं उतारलास. पोरीला घिऊन मी दारात हुतो, तुला वाटलं आत गेलो. दांडा धरलास आन डोळं मिटलंस. कुणी बगत न्हाय आसं बघून मिटलंस." भाऊसोंनी कप बाजूला सारला. "आता कसं म्हणू मी आळस हाय म्हणून?"

तेवढा एक आडोसा त्यांनी इतकी वर्षं धरून ठेवला होता. तो आज गेला. आपल्यावर विश्वास ठेवावा म्हणून प्रसेनजीतनं काय काय केलं होतं, किती लिफाफे पुढं केले होते. आणि आता तो विश्वास समोर बसला होता, पासष्ट वर्षांचा, एका दुपारीत थकलेला. तो त्यांनी परत घ्यावा असं त्याला वाटलं.

"आळस बी हाय की, आबा," तो म्हणाला. "ल्हानपणापास्नंच हाय."

भाऊसो हसले. "व्हय की. शाळंला उठायचं न्हाईस. पाणी मारून उठवायला लागायचं." हसता हसताच त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढला आणि पुसायचं काही नसताना खूप वेळ पुसत राहिले.

मग ते गुडघ्यावर हात देऊन उठले, खुर्चीच्या मागं येऊन उभे राहिले.

"कुठं दुखतंय? दाव बगू."

प्रसेनजीतनं हात मागं नेऊन त्यांचा हात धरला आणि शर्टावरून खाली नेला.

"हितं?"

"अजून खाली."

"हितं?"

"हं."

जाड, खरखरीत, गरम हात. तो तिथं टेकला. चोळायला भीती वाटत असावी, दाबायलाही. पुढं काय करायचं हे त्या हाताला माहीत नव्हतं, म्हणून भाऊसोंनी तो नुसताच तिथं ठेवला.